शेकशेगडी

"बाळंतीण कोण, तुम्हीच का?" किराणावाल्याने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. शहापूरच्या बाजारात गुरुवारची दुपार. समोर ओवा, बाळंतशेपा, डिंक, सुंठ, अळीव, वेखंड अशा पुड्या एकीवर एक रचलेल्या; त्या बघून कोणीही विचारलं असतं तेच त्याने विचारलं. "छे हो, नणंद," मी म्हटलं, "मी बाळंतीण असते तर अशी बाजारात कशाला हिंडले असते?" तेही खरंच, असं म्हणून तो हसला, आणि वरून "पुढच्या खेपेला तुमच्यासाठी न्या" असा आगाऊ आशीर्वादही देऊन मोकळा झाला. मी फोन कानाला लावला. कोण असणार ते मला माहीत होतं, गुरुवारी दुपारी तीच असते. "नमस्कार," ती बाई म्हणाली, "तुमचा सहावा महिना आता पूर्ण होत आला आहे. तुमचं बाळ आता बाहेरचे आवाज ऐकू शकतं. त्याच्याशी प्रेमाने बोला." तेवढ्यात माझ्या पाठीमागे एका टेम्पोवाल्याने कान फाटतील असा हॉर्न दाबला. आणि मी काय करावं? मी पोटावर हात ठेवला आणि झटकन दुकानाच्या आत सरकले. आवाज लागू नये म्हणून. अगं पण कोणाला? माझ्या पोटात सकाळच्या भाकरीशिवाय काही नव्हतं. ऑगस्टपासून काही नव्हतं. तरी मी तेलाच्या डब्यांच्या आडोशाला पोट धरून उभी होते आणि किराणावाला माझ्याकडे बघत होता. "पाणी देऊ का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं आणि पिशवी उचलली.

सासरी, किन्हवलीला जाणारी एसटी लागेपर्यंत स्टँडवर बसून मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. ती बाई म्हणजे मुळात बाई नाहीच, रेकॉर्ड केलेला आवाज आहे. वाशिंदला, जिथे मी आणि रितेश भाड्याच्या खोलीत राहतो, तिथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टरने नाव विचारलं, नंबर विचारला, मी दिला. तेव्हा मी काही ठरवलेलं नव्हतं. पुढे जे झालं ते त्या सिस्टरला सांगायला कोणी गेलं नाही, मग या बाईला कसं कळणार? ती आपली दर गुरुवारी एकेक आठवडा पुढे सरकते. शेवटी सांगतेसुद्धा, हे फोन नको असतील तर नऊ दाबा. नऊ कुठे असतो ते मला ठाऊक आहे. मी दाबत नाही. का दाबत नाही असं कोणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं, पण विचारायला आधी माहीत तर पाहिजे! माहीत आहे ते मला आणि रितेशला, आणि रितेश विचारत नाही. ती मात्र विचारते. "आज तुम्हाला कसं वाटतंय?" असं म्हणते आणि जराशी थांबते. आवाजात तेवढी मोकळी जागा ठेवलेली आहे. त्या जागेत एकदा मी, खोलीचं दार लावून घेऊन, "बरं नाही वाटत" असं म्हणून बघितलं होतं. त्यावर ती म्हणाली, "छान. आहारात पालेभाज्या असू द्या." मी हसले, मग रडले, मग खाली जाऊन पालकाची जुडी आणली. काय करणार!

रितेशबद्दल वाईट बोलायला मला जागाच नाही, हीच तर माझी पंचाईत आहे. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या नावाने बोटं मोडून मोकळ्या होतात. मी कोणाच्या नावाने मोडू? दुसरी रेघ मला कॉलेजच्या संडासात दिसली. कल्याणला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते मी, शेवटचं वर्ष, दुसऱ्यांच्या तपासण्या करून करून त्या रेघा माझ्या ओळखीच्या झालेल्या. तरी स्वतःची रेघ बघितल्यावर मी ती पट्टी पाण्याखाली धरून उभी राहिले, धुऊन जाईल म्हणून. संध्याकाळी रितेश नाईट शिफ्टला जायचा होता, जेवत होता. मी सांगितलं. त्याने घास खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "तू म्हणशील तसं, कुणाली." झालं! केवढा चांगला माणूस. मी थोडे दिवस वाट बघितली की तो आणखी काही बोलेल. ठेव म्हणेल, नको म्हणेल, मला भीती वाटते म्हणेल, निदान चिडेल तरी. तो दर वेळी तेच म्हणायचा, आणि दर वेळी ते सगळं उचलून माझ्या एकटीच्या मांडीवर ठेवल्यासारखं व्हायचं. शेवटी मीच म्हटलं, नको. म्हणायला डिसेंबरची परीक्षा होती, पण खरं सांगायचं तर परीक्षा नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. मी एकवीस वर्षांची आहे. मला तेव्हा आई व्हायचं नव्हतं. एवढं साधं वाक्य, पण ते मोठ्याने म्हणता येईल असं एकही घर माझ्या ओळखीत नाही. माझ्या आईला मुरबाडला फोन केला असता तर तिने पुढचं ऐकायच्या आधी म्हसेच्या यात्रेचा नवस बोलून टाकला असता.

कल्याणची डॉक्टर वयस्कर होती, चष्मा नाकाच्या टोकावर. तिने सगळं नीट समजावलं, कुठली गोळी कधी, किती दुखेल, काय झालं तर लगेच यायचं. रागावली नाही, उपदेश केला नाही. फक्त शेवटी म्हणाली, "घरी कोणी बाईमाणूस आहे ना सोबतीला?" मी म्हटलं, आहे. का म्हटलं, देव जाणे. नाही म्हटलं असतं तर तिने काय केलं असतं, पाठवलं असतं का कोणी? पण तोपर्यंत मला बाईमाणूस लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ती वाशिंदची मोरी, चालू ठेवलेला नळ, आणि दाराबाहेर रितेश, "काही हवंय का?" असं विचारणारा. काही नको, मी म्हणत होते. मग त्याने टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. शेजाऱ्यांना माझं कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून, की त्याला स्वतःला ऐकू येऊ नये म्हणून, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. बाहेर आले तेव्हा त्याने शहाळं फोडून आणलेलं होतं. ते मी प्यायले. फार गोड होतं. तेव्हापासून तो स्वतःचा डबा स्वतः घासतो आणि माझ्याजवळ बसायच्या आधी विचारतो, बसू का म्हणून. नवराबायकोत एवढी सभ्यता आली की घर पाहुण्यांचं वाटायला लागतं.

आणि लगेच गौरी. लग्नानंतरची माझी पहिली गौर, किन्हवलीला सासरी. सासूबाईंनी, म्हणजे शकूबाईंनी, महिनाभर आधीपासून ठरवलेलं. तेरड्याची गौर मीच आणायची, ओटी माझीच भरायची, आळीतल्या सगळ्या बायका नवी सून बघायला येणार. मला तर उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तेव्हा मी एक केलं. उंबऱ्याबाहेरच थांबून म्हटलं, "आई, माझी अडचण आलीय." एवढं सांगितलं की आमच्याकडे पुढे कोणी काही विचारत नाही. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "पैली गवर, आन आताच यायची होती काय गो!" मग मला पडवीत, भाताच्या कणग्यांच्या आडोशाला गोधडी टाकून दिली, वेगळं ताट, वेगळा तांब्या. बाजूला बसले. कॉलेजमध्ये मी या बाजूला बसण्याविरुद्ध चांगली पाच मिनिटं भाषण केलेली मुलगी, आणि तेव्हा तो विटाळ मला देवासारखा पावला. कोणी हात लावत नव्हतं, कोणी काम सांगत नव्हतं. ताट लांबून सरकवलं जायचं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आत बायका फुगड्या घालत होत्या, जमीन दणाणत होती, ती दणदण गोधडीतून माझ्या ओटीपोटात येत होती. कोणीतरी आतून ओरडली, "पुढच्या गवरीला तिघं या गो!" मी हो म्हटलं. इतरजणी चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येतात. मला सात दिवस बसावं लागलं. सासूबाईंना मी म्हटलं, पाणी बदललं की होतं असं माझं. सातव्या दिवशी त्यांनी न्हाणीत पाण्याचा हंडा जरा जास्त कढत आणून ठेवला. की तेवढं मीच आता बनवून सांगते आहे? अंगावर ऊन पाणी ओतताना मला इतकं बरं वाटलं होतं की त्याचं श्रेय कोणाला तरी द्यावंसं वाटत असेल.

मला परत विचारलं तर मी परत तेच सांगेन, नको. हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून घेतलेलं आहे, उलटतपासणी केल्यासारखं. आणि तरीही. या "तरीही"चं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. आपलं आपोआप पडलं असतं तर गोष्ट वेगळी. आळीतल्या बायका येऊन बसल्या असत्या, असू दे गो म्हणाल्या असत्या, मला मेथीचे लाडू खावे लागले असते. मी स्वतः ठरवलं म्हटल्यावर मला दुःख व्हायचा हक्कच नाही असं काहीतरी आहे. ठरवलंस ना, मग आता हस. आणि रडलीस तर, बघ, चुकलं होतं ना तुझं? दोन्हीकडून बंद. मी परीक्षा दिली, पेपर चांगले गेले, सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या, मैत्रिणींबरोबर वडापाव खाल्ला, आणि दर गुरुवारी दुपारी वर्गातून बाहेर जाऊन जिन्यात उभी राहून त्या बाईचं ऐकलं. आता बाळ आंब्याएवढं झालंय. आता त्याला भुवया आल्यात. "थकवा वाटला तर आराम करा, घरच्यांनीही तुम्हाला कामात मदत करावी." जगात मला आराम कर म्हणणारी ती एकटीच होती.

परीक्षा संपली तोच भाविका बाळंत झाली. भाविका माझी नणंद, माझ्याच वयाची, मुरबाडकडे दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली. कॉलेजला सुट्टी होती, मग किन्हवलीहून मला बोलावणं आलं, आणि मी आले. बाळंतपण म्हणजे काय असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पहाटे बाहेरच्या चुलीवर पाणी तापवायचं, ते मी तापवते. सासूबाई भाविकाला तेल लावतात, डोक्यापासून टाचेपर्यंत, बोटं रुतवून, आणि भाविका "आई गो, मेले" म्हणत असते. मग ते कढत पाणी, कमरेवर तांब्याने धार धरून. मग जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने पोट बांधायचं, आवळून. पट्ट्याचं एक टोक माझ्या हातात असतं. मग कानाला फडकं. हे फडकं फार महत्त्वाचं, दिवसातून दहा वेळा सासूबाई ओरडतात, "कानाला बांध गो, वारा शिरंल!" आणि मग भाविका बाजेवर आडवी होते, आणि मी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवते आणि त्यावर मूठभर ओवा टाकते. ओवा तडतडतो, त्याचा धूर बाजेच्या काथ्यातून वर येतो, भाविकाच्या पाठीला लागतो. खोलीभर तो तिखट, उबदार वास. हे सगळं मी अगदी मन लावून करते. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "माझी सून हाताची हलकी हाय." आणि ओवा टाकताना दर वेळी, दर वेळी, माझ्या मनात एकच येतं, मला कोणी नाही दिला. चिडून येतं. लहान पोरासारखं, दुसऱ्याला मिळालं आणि मला नाही मिळालं असं. बाळ न घेता शेक मागणारी तू कोण गो, असंही मीच मला म्हणते. पण माझीही कंबर तिथेच दुखते, भाविकाची दुखते तिथेच. "कंटाळा आला गो, वहिनी, या धुराचा," भाविका एकदा म्हणाली, डोळे चोळत. "तू तरी झोप माझ्या जागी." मी हसले आणि शेगडी जरा आणखी आत सरकवली.

पुढच्या गुरुवारी मी विहिरीवर बाळाची लंगोटं धूत होते आणि फोन चुलीपाशी चार्जिंगला राहिला होता. आमच्या सासूबाईंची एक गंमत आहे, ती सांगितली पाहिजे. फोनवर कोणीही बोललं की त्या उत्तर देतात. कोणीही म्हणजे कोणीही. रितेशचा फोन लागत नसला आणि ती कंपनीची बाई म्हणाली की आपण संपर्क साधत असलेली व्यक्ती व्यस्त आहे, की या म्हणणार, "असू दे बाई, मंग करते." बँकेच्या मुलीला म्हणणार, "नाय गो, नको कर्ज, तू जेवलीस काय?" सासरे, कुंडलिकबाबा, हसून हसून लोळतात. "अगो, ती टेप हाय!" त्यावर सासूबाईंचं ठरलेलं, "माणूस बोलतंय तं उत्तर नको द्यायला?" तर त्या दिवशी मी ओली लंगोटं घेऊन आले, आणि सासूबाई वालाच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "तुझ्या फोनवर कोन बाई आलती. सातवा लागला म्हनत होती. डाव्या कुशीवर निजा म्हनाली." माझ्या हातातली बादली तशीच राहिली. "मग?" मी विचारलं. "मंग काय! मी म्हनलं, बाई, आमची पोर सुटली, मुलगी झाली, तुमी चुकलात." आणि त्यांनी शेंगेतले दाणे टोपात टाकले. माझ्याकडे बघितलंही नाही. मी दोरीवर लंगोटं घातली, एकेक ताणून, जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावून.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. त्यांना कळलंय, नाही कळलेलं, कळलंय. भाविकाचं समजून सोडून दिलं असेल. पण माझ्या फोनवर भाविकाचा फोन कशाला येईल? पण एवढा विचार त्या करतील कशाला? पण करतात त्या, कोंबडी कुठे अंडं घालते ते चालीवरून ओळखणारी बाई ती. त्यांना कळलं तर काय होईल, हे मी भांडी घासता घासता शंभर वेळा बघून घेतलं. त्या बाबांना सांगतील. रितेशला बोलावून घेतील, आणि तो खाली मान घालून म्हणेल, ती म्हणाली तसं. माझी आई येईल मुरबाडहून, पदर डोळ्यांना लावून. आणि याच सासूबाई, ज्यांनी मला लग्नात कडेवर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, त्या माझ्या हातचं पाणीही घेणार नाहीत. गेलं की हे घर. पण याच्याच खाली, अगदी तळाशी, दुसरं एक होतं आणि ते मला जास्त घाबरवत होतं. मला वाटत होतं, कळावं. शिव्या देऊ देत, पण एका माणसाला कळावं. रितेशला मी फोन केला, म्हटलं, आईंना बहुतेक संशय आलाय. "मग तू काय म्हणतेस, सांगायचं का?" म्हणाला. मी फोन ठेवला.

तिसरा गुरुवार. बाळाला डोस द्यायचा होता म्हणून भाविकाचा नवरा हितेश गाडी घेऊन आला आणि दोघींना शहापूरला घेऊन गेला, कुंडलिकबाबाही बरोबर गेले. सासूबाई शेतावर वालाच्या शेंगा तोडायला. घरात मी एकटी. जाताना भाविका शेक अर्धा टाकून उठली होती, बाजेखाली शेगडी तशीच, निखाऱ्यांवर राखेची साय धरलेली. मी राख टाकायला म्हणून वाकले आणि उष्णता तोंडाला लागली. घर गप्प होतं. थंडीचे दिवस, दार लोटलेलं, कौलातल्या काचेतून उन्हाचा एक तुकडा बाजेवर पडलेला. मी राख झटकली, खाली निखारे लाल होते. मी दोन निखारे चुलीतले आणून घातले. म्हटलं, विझू नये. मूठभर ओवा टाकला. म्हटलं, खोलीत वास राहू दे. मग मी बाजेवर बसले, आणि मग सरळ आडवी झाले. पाठीखाली काथ्या, काथ्याखालून ती ऊब. आधी नुसती ऊब, मग धूर, मग कमरेत जिथे दुखतं तिथे कोणीतरी तळहात टेकवल्यासारखं. माझ्या तोंडून "आई गो" निघालं, अगदी भाविकासारखं, आणि मला इतकी लाज वाटली की मी डोळ्यांवर हात आडवा घेतला. पण उठले नाही. उठवेना. किती वेळ पडून होते कोण जाणे. बहुतेक डोळा लागला असावा, कारण डोळे उघडले तेव्हा शेंगांची टोपली दाराशी ठेवलेली होती आणि सासूबाई बाजेपाशी उकिडव्या बसून शेगडीवर फुंकर घालत होत्या.

मी धडपडून उठायला लागले. "हालू नको," त्या म्हणाल्या. "निखारा उडंल."

"आई, माझी जरा पाठ..."

"ठाव हाय." त्यांनी पुडीतून ओवा घेतला, टाकला. तो तडतडून संपला. मग शेगडीकडेच बघत त्या म्हणाल्या, "गवरीला बाजूला बसलीस, तवा?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसली.

"सात दिस," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, नवी पोर हाय, पानी बदललंय. मला तवाच कळाया पाह्यजे होतं. आन ती फोनवाली सातवा म्हनते, हितं माझी पोर लेकीला पाजतेय. अडानी हाय मी, येडी नाय." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पडलं का पाडलं?"

पडलं, असं म्हणता आलं असतं. तेवढी पळवाट त्यांनी स्वतःच उघडून ठेवली होती, आणि मी तिच्यातून गेले असते तर त्या आयुष्यभर माझ्याशी चांगल्या वागल्या असत्या. "पाडलं," मी म्हटलं. "मी ठरवलं. मला तेव्हा नको होतं, आई."

बाहेर कोंबड्या शेंगांच्या टोपलीत चोची घालत होत्या, त्यांना हाकलायलाही सासूबाई उठल्या नाहीत. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, शेंगा तोडून हिरव्या काळ्या झालेल्या नखांकडे.

"मला इचारलं नाय," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हनलीच असती! भांडली असती तुझ्याशी, रितेशशी. रडली असती." त्यांचा आवाज फाटला. "माझ्या घरातलं होतं ना गो ते." आणि त्या पदराने नाक पुसायला लागल्या. मीही रडायला लागले, आडव्या आडव्याच, पाणी कानात जात होतं. ऑगस्टपासून मी पुष्कळ वेळा रडले होते, पण दुसरं कोणी त्याच गोष्टीसाठी रडताना मी पहिल्यांदा बघत होते. दोघी एकमेकींना हात न लावता रडत होतो. त्या त्यांच्यासाठी, मी माझ्यासाठी, पण गोष्ट एकच होती.

"मला राग हाय तुझा," डोळे कोरडे करून त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? कवा जाईल ठाव नाय. जाईल का, ते बी ठाव नाय. पर राग येगळा आन शेक येगळा. कुशीवर हो."

मी कुशीवर झाले. त्यांनी शेगडी कमरेच्या बरोबर खाली सरकवली. "एवढ्या उशिराने शेक घेऊन उपयोग होतो का, आई?" मी विचारलं.

"काय म्हाईत," त्या म्हणाल्या. "एवढ्या उशिरा कोनी घेतला नाय." आणि भाविकाचं कानाचं फडकं खुंटीवरून काढून त्यांनी झटकलं.

तेव्हा फोन वाजला. माझ्या उशाशीच होता. मी हात पुढे केला, पण त्यांनी आधी उचलला आणि कानाला लावला. खोली इतकी शांत होती की मला इथवर ऐकू येत होतं, नमस्कार, आता तुमचं बाळ वेगाने वाढतंय. सासूबाई ऐकत राहिल्या, मध्ये न बोलता, समोरचं माणूस बोलतंय तर ऐकून घ्यावं तसं. मग ती बाई म्हणाली, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" आणि थांबली.

"बाई, मी तिची सासू बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. "ते बाळ नाय आता. गवरीच्या टायमाला गेलं. तुमाला कोनी सांगितलं नसंल."

"छान," ती बाई म्हणाली. "लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्या."

"घेईल, गोळ्या घेईल. मी देईन तिला. पर आता फोन नका करू. आमची बाळंतीन निजलीय."

आणि त्या फोन तसाच कानाला धरून थांबल्या, त्या बाईने बरं म्हणावं म्हणून. दुसऱ्या हाताने त्यांनी फडकं माझ्या कानांवरून घेतलं आणि हनुवटीखाली दाबून धरलं, गाठ मारायला हात मोकळा नव्हता. मी निजलेली नव्हते. पण त्यांनी तसं सांगून टाकलं होतं, म्हणून मी डोळे मिटले.